प्रशील फिटरच्या मुलीचं प्रेशर

यावल तालुक्यातल्या केळीवाल्यांच्या मोबाइलमध्ये दोन नंबर हमखास सापडतात. एक केळीचा भाव विचारायचा, दुसरा प्रशील फिटरचा. भाववाला फोन उचलत नाही. प्रशील उचलतो, आधी पाच मिनिटं बोलणी ऐकवतो आणि मग येतो.

प्रशील बिऱ्हाडे, वय बत्तीस, राहणार पिंप्राळा, जळगाव. धंदा म्हणजे ठिबकच्या नळ्या जोडणं, आणि त्या आधी कोणी कशा चुकीच्या जोडल्या होत्या हे शेतकऱ्याला सविस्तर सांगणं. आधीचा फिटर नेहमी गाढव असतो. कधीकधी आधीचा फिटर तो स्वतःच निघतो. तेव्हा तो म्हणतो, “पाणी खराब आहे तुमचं.” पाइपावर नुसता तळहात ठेवला की आतलं प्रेशर कळतं, आपल्याला गेज लागत नाही, असा त्याचा दावा आहे. बहुतेक वेळा तो खरा ठरतो, आणि हीच त्याच्या स्वभावातली मुख्य अडचण आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याला मुलगी झाली. तिचं नाव उत्पला. नाव आजोबांनी ठेवलं. हे वाल्मीकआबा, डाळ मिलमधले निवृत्त मुकादम. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर घरातले देव पोत्यात भरून गिरणा नदीत सोडले होते. तेव्हापासून या घरात नवस, अंगारा, उतारा यांना बंदी आहे. भीती मात्र गिरणेत सोडता आली नव्हती. देव नसल्यामुळे या घरात टक्केवारीला फार मान होता.

एप्रिलमध्ये प्रशीलची बायको शिल्पा म्हणाली, “ही दूध पिताना घामाघूम होते. पाच मिनिटं ओढते आणि दमून झोपते.”

सासूबाई मंदाबाई कूलरसमोर बसल्या होत्या. “उन्हाळा शे. माले बी घाम येस.”

“तुम्ही दूध ओढत नाही, आई.”

शिल्पा घरी शिकवण्या घेते. कॉलनीतल्या चौथीपर्यंतच्या पोरांना पाढे येतात ते तिच्या धाकाने. तिने मुलीचे श्वास मोजले. मिनिटाला सहासष्ट. मुलांच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ लावूनच ठेवली, आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नाशिकहून येणाऱ्या हृदयाच्या डॉक्टर मॅडमकडे पाठवलं.

मॅडमनी मशीनवर तपासून कागदावर चित्र काढलं. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं, मोठं. डाव्या कप्प्याचं प्रेशर जास्त, कारण त्याला सगळ्या शरीराला रक्त पुरवायचं. उजव्याचं कमी, कारण त्याला शेजारच्या फुप्फुसातच पाठवायचं. डावीकडचं रक्त भोकातून उजवीकडे येतं आणि फुप्फुसात पूर येतो. म्हणून धाप, म्हणून घाम.

एखादा बाप इथे खचला असता. प्रशीलचा चेहरा उजळला.

“म्हणजे दोन प्लॉट आहेत,” तो म्हणाला, “आणि मधला व्हॉल्व गळतोय. मेनचं पाणी हलक्या लाइनला चाललंय.”

“बरोबर,” मॅडम म्हणाल्या.

हा शब्द त्यांनी वापरायला नको होता. पुढची दहा मिनिटं प्रशीलने त्यांना व्हॉल्व किती प्रकारचे असतात ते सांगितलं. मॅडम समजूतदार होत्या. त्यांनी मान फिरवून उरलेलं शिल्पाला सांगितलं, आणि शिल्पाने ते शिकवणीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. दोन औषधं. रोज श्वास मोजायचे. मोठं भोक आपोआप बुजत नाही. जुलैत ऑपरेशन, सहा महिन्यांच्या आत. आणि शेवटी एक ओळ, जिच्याखाली मॅडमनी स्वतःच्या पेनाने रेघ मारली: बरी वाटू लागली तर वाट न बघता लगेच आणणे.

घरी बैठक बसली. बिऱ्हाडे घरात फ्रिज घ्यायचा तरी बैठक बसते, आणि इथे तर छाती उघडायची होती. अकरा माणसं जमली. अध्यक्षस्थानी योगराजनाना, म्हणजे मंदाबाईंचे थोरले भाऊ. नाना जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात हिवतापाच्या गोळ्या वाटून रिटायर झाले होते आणि येताना खात्याचा एक स्टेथोस्कोप आठवण म्हणून घेऊन आले होते. लग्नाकार्यात तो त्यांच्या गळ्यात नसतो, एवढंच.

ऑपरेशन सरकारी योजनेत फुकट होणार होतं. त्यामुळे पैशाचा प्रश्न उरला नाही आणि नातेवाइकांना दुसरे प्रश्न शोधावे लागले.

“फुकट का कापतात?” नाना म्हणाले. “शिकाऊ लोकांचा हात बसायला. मी खात्यात होतो, मले माहीत शे.”

“तुम्ही गोळ्या वाटत होता, नाना,” शिल्पा म्हणाली.

“पण खात्यात होतो ना.”

आबांनी चष्मा लावून मोबाइल वाचला. “इथं लिहिलंय, सत्तर टक्के भोकं आपोआप बुजतात.” सत्तर हा आकडा खोलीत अंगाऱ्यासारखा फिरला. सगळ्यांनी तो थोडाथोडा लावून घेतला.

शिल्पाने वही उघडून मॅडमची ओळ वाचून दाखवली. मोठं भोक बुजत नाही. आणि ती दुसरी, बरी वाटली तर लगेच आणा.

नाना हसले. “पाहा. बरी वाटली तर लगेच आणा. का? कारण बरी झाली तर कापणार कोणाले? बरी व्हायच्या आत उरकून घ्यायचं असतं त्यांना.”

अकरा माणसांना हे एकदम पटलं. इतकं की पुढचे आठ महिने ते वाक्य या घरात विनोद म्हणून वापरलं गेलं. मंदाबाईंची कंबर दुखायची थांबली की कोणीतरी म्हणायचं, लगेच दवाखान्यात न्या, बरी वाटतेय.

जुलैच्या आधी धुळ्याहून शिल्पाची आई पुष्पाबाई आल्या. सोबत पुरावा आणला. पुरावा म्हणजे त्यांच्या बहिणीचा मुलगा मगन, वय चोवीस, पोलीस भरतीची तयारी करणारा. जन्मतः त्याच्या हृदयाला भोक होतं आणि ते आपोआप बुजलं होतं.

“शर्ट काढ रे,” पुष्पाबाई म्हणाल्या.

मगनने शर्ट काढला. भरपूर केस असलेली, टाक्याची एकही खूण नसलेली छाती बिऱ्हाडेंच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली उभी राहिली. आबांनी जवळ जाऊन पाहिली. नानांनी नळी लावून ऐकली. शेजारच्या यशोदाबाई साखर मागायला आल्या होत्या, त्याही बसल्या.

“याचं भोक केवढं होतं, मामी?” प्रशीलने सासूला विचारलं.

पुष्पाबाईंनी अंगठा आणि बोट जुळवून कडं केलं. त्यात तान्ह्या बाळाचं अख्खं हृदय बसलं असतं. “आता सोळाशे मीटर पळतो. सांग रे किती वेळात.”

“पाच मिनिटं दहा सेकंद,” मगन म्हणाला. आणखी काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं, पण मावशीने त्यात भजं दिलं.

जुलैत नाशिकहून फोन आला. उत्पलाला सर्दी होती. ऑगस्टमध्ये फोन आला. वजन कमी होतं, थोडं भरू द्या, असं प्रशीलने सांगितलं. वजन भरत नाही म्हणूनच ऑपरेशन करायचंय, असं पलीकडची बाई म्हणाली. पण तोवर त्याने रेंज नसल्यासारखं करून फोन ठेवून दिला होता. सप्टेंबरमध्ये आबा म्हणाले, ऑक्टोबरात धम्मचक्र दिन होऊन जाऊ दे. मुहूर्त म्हणून नाही, सगळे मोकळे असतील म्हणून. आबा मुहूर्त मानत नाहीत.

आणि ऑक्टोबरात उत्पला बरी झाली.

म्हणजे तिची धाप कमी झाली. घाम थांबला. बाटली एका दमात संपू लागली. वहीतले आकडे पायऱ्या उतरावेत तसे उतरले, सहासष्ट, अठ्ठावन्न, पन्नास, चव्वेचाळीस. गालावर मांस आलं. नानांनी छातीला नळी लावली, डोळे मिटले, आणि म्हणाले, “आवाज बराच कमी शे. भोक बुजत चालनं.” बऱ्याच वर्षांनी नानांचं एक निरीक्षण बिनचूक निघालं होतं. आवाज खरंच कमी झाला होता.

पेढे आबांनी आणले. मंदाबाईंनी पाटणादेवीला गुपचूप बोललेला नवस आता फेडायला हवा होता. त्यांनी तो ‘बहिणीकडे जाऊन येते’ या नावाखाली फेडला. घरात सगळ्यांना कळलं. आबांनी तिकडे दुर्लक्ष केलं, कारण टक्केवारीही त्यांचीच खरी ठरली होती आणि विजयात वाटेकरी नको होते.

शिल्पा वहीचं पहिलं पान उघडून बसली. “मॅडमनी रेघ मारलीय याच्याखाली. एकदा दाखवून येऊ.”

प्रशील मुलीला पोटावर घेऊन पडला होता. तिच्या पाठीवर त्याचा तळहात होता, पाइपावर ठेवतो तसा. “फिटिंगमधला पहिला नियम सांगू? चालू लाइनला हात लावायचा नाही.”

तो हे प्रेमाने म्हणाला. गोष्टीत वाईट माणूस कोणी असता तर सोपं झालं असतं.

डिसेंबरात फैजपूरच्या प्रेमराजभाऊंनी त्याला फिल्टर बदलायला बोलावलं. साठीचे गृहस्थ, दोन प्लॉट केळी, डोक्याला मफलर. सकाळची थंडी होती, पानांवरून दव गळत होतं. फिल्टर बसला. प्रशील हात धूत असताना प्रेमराजभाऊ म्हणाले, “आन तो खालच्या प्लॉटचा व्हॉल्व राहू द्या आता. गळायचा बंद झाला.”

“कसा बंद झाला?”

“आपोआप. आधी वरच्या प्लॉटले पानी सोडलं का खालच्या बागेतही थेंब पडे. आता महिना झाला, खाली कोरडं ठन. मी म्हटलं बरं झालं, फिटरची बोलनी वाचली.”

अशी संधी प्रशीलला आठवड्यातून एकदा मिळते. तो उकिडवा बसला, रुमालाला हात पुसले. “प्रेमराजभाऊ, व्हॉल्वला काय जखम भरते का? त्याला काय खपली धरते?”

“मंग थांबलं कसं?”

“रबर झिजलंय ते झिजलेलंच आहे. पाणी आजही आत शिरतंय. पण तुमच्या खालच्या नळ्या क्षाराने चोक झाल्या. पाण्याला पुढे जायला जागा नाही, म्हणून आत तुंबलं. तुंबून तुंबून तिकडचं प्रेशर इकडच्या एवढं झालं. दोन्हीकडे सारखं झालं की गळती थांबते. थांबली म्हणजे व्हॉल्व बरा झाला नाही. थांबली म्हणजे पुढचं सगळं वाटोळं व्हायला लागलं.”

बोलता बोलता त्याने खालच्या प्लॉटमधल्या एका नळीचं टोक सोडलं. पांढरं, खडूसारखं पाणी जोरात उसळलं आणि त्याच्या पँटवर आलं.

“हे बघा. कोरडं म्हणता ना? केवढं प्रेशर आहे बघा. असं बरं वाटायला लागलं की त्याच दिवशी फोन करायचा असतो. वाट बघायची नसते. वेळेत ॲसिड सोडलं तर नळ्या मोकळ्या होतात. एकदा क्षार दगड झाला की मग व्हॉल्व बदलून पण उपयोग नाही, सगळ्या नळ्या...”

तो थांबला. नळीचं टोक त्याच्या हातात तसंच होतं आणि पाणी बुटात जात होतं.

प्रेमराजभाऊंनी उसळत्या नळीकडे पाहिलं. “मंग आपल्या फेकाव्या लागतील का?”

“माहीत नाही,” प्रशील म्हणाला.

बारा वर्षांच्या धंद्यात हे वाक्य त्याने गिऱ्हाइकासमोर पहिल्यांदा उच्चारलं.

बांधावर जाऊन त्याने शिल्पाला फोन लावला. मागे पोरं सातचा पाढा म्हणत होती.

“ती रडते तेव्हा ओठ कसे दिसतात?”

“कोणाचे?”

“उत्पलाचे.”

पाढा पुढे गेला, सात सक बेचाळीस, सात सत्ते एकोणपन्नास. मग शिल्पा म्हणाली, “चार दिवसांपासून जांभळट दिसतात. रडायची थांबली की नीट होतात. आई म्हणाल्या थंडी आहे.” आणि नंतर, “का?”

“वहीचं पहिलं पान काढ.”

“काढायला कशाला पाहिजे? पाठ आहे ते मला. बरी वाटू लागली तर वाट न बघता लगेच आणणे.” तिचा आवाज वर गेला नाही, तेच वाईट होतं. “काय झालं ते सांगा.”

त्याने सांगितलं. दोन प्लॉट, व्हॉल्व, क्षार. शिकवणीतल्या बाईला समजायला वेळ लागला नाही.

“म्हणजे बुजलेलं नाहीये,” ती म्हणाली.

“नाही. तुंबलंय.”

“तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?”

“हे मला बारा वर्षांपासून माहीत आहे, शिल्पा.”

तो तसाच निघाला. नळीचं टोक उघडंच राहिलं. प्रेमराजभाऊंनी तीनदा फोन केला आणि तिसऱ्यांदा उचलल्यावर फिटर कसा असू नये यावर पाच मिनिटं बोलले. प्रशीलने सगळं ऐकून घेतलं. भुसावळच्या फाटकापाशी उभा राहून तो ‘हो भाऊ, हो भाऊ’ म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा, बायको आणि मुलगी नाशिकला मॅडमसमोर बसले. बैठक बसवली नव्हती. कुठे निघालोय ते मंदाबाईंना बस सुटल्यावर फोन करून सांगितलं.

मॅडमनी तपासलं. चित्र काढलं नाही. “इतके महिने कुठे होता?”

सर्दी, वजन, धम्मचक्र दिन, सत्तर टक्के, मगनची छाती. यातलं एकही उत्तर त्या खोलीत तोंडाबाहेर काढण्यासारखं नव्हतं. 

फुप्फुसाच्या बारीक नळ्या आतून जाड होऊ लागल्या होत्या, म्हणून उजवीकडचं प्रेशर चढलं होतं. मांडीतून बारीक नळी घालून ते मोजायचं होतं, आधी साध्या हवेवर आणि मग ऑक्सिजन देऊन. ऑक्सिजनवर उतरलं तर नळ्या अजून मऊ आहेत. नाही उतरलं तर ऑपरेशन करून उपयोग नाही, उलट जीव जाईल. तेव्हा व्हॉल्वच्या प्रकारांबद्दल कोणी काही बोललं नाही.

प्रेशर उतरलं. पुरतं नाही, पण उतरलं.

मॅडमनी दोघांना समोर बसवलं. “जुलैत आला असता तर मी म्हटलं असतं, शंभरात एखाद-दुसरं बाळ दगावतं. आता दहा म्हणते. ऑपरेशन नाही केलं तर ती आज जाणार नाही. चार वर्षं तुम्हाला काही जाणवणारही नाही कदाचित. मग हळूहळू निळी पडेल, जिना चढणार नाही. विशी बघेल, पंचविशीही बघेल. पण तेव्हा कोणी हात लावू शकणार नाही. आणखी तीन महिन्यांनी मीही लावणार नाही. मी करा म्हणते. ठरवायचं तुम्ही.”

ही पंचाईत बिऱ्हाडे घराण्याच्या कुठल्याच बैठकीत बसणारी नव्हती. एकीकडे या आठवड्यात मूल जायची भीती, दुसरीकडे कॉलेजात जाईल एवढी होऊन डोळ्यांदेखत विझायची खात्री. आणि दुसऱ्या बाजूला आज काहीच करावं लागत नव्हतं, हे तिचं मोठं आकर्षण होतं. प्रशीलला ते जाणवलं. मुलगी समोर हसत होती, गाल भरलेले होते. चालू लाइन.

बाहेरच्या बाकावर फोन वाजतच होता. नाना म्हणाले, “पंचवीस वर्सं म्हणजे चांगला काळ शे. तोपर्यंत सायन्स कुठल्या कुठं जाई.” पुष्पाबाई म्हणाल्या, मगनला पाठवू का? प्रशीलने आबांना फोन लावायचाय असं सांगून नानांना टाळलं, आणि मग खरंच आबांना लावला.

“आबा, दहा टक्के म्हणतात.”

आबा “शिल्पाकडे दे,” म्हणाले. शिल्पाने फोन स्पीकरवर टाकला.

“शिल्पा, मी जे वाचलं होतं ना, सत्तर टक्के. ते लहान भोकांचं होतं. खाली लिहिलेलं होतं. आज वाचलं.” आबांना खोकला आला, किंवा त्यांनी आणला. “मी तेव्हा खाली गेलोच नाही. सत्तर दिसलं आणि थांबलो.”

“मला पण तो आकडा आवडला होता, आबा,” शिल्पा म्हणाली. “तुम्ही काय म्हणता आता?”

“मी आता काही म्हणत नाही.”

अकरा माणसांपैकी एकाने तरी हे आठ महिन्यांत म्हटलं, यालाही मोल होतं.

शिल्पाने फोन बंद करून लंगोटांच्या पिशवीत तळाशी टाकला. आत जाऊन संमतीचा कागद मागितला. दोन पानं बारीक अक्षर होतं. तिने सगळं वाचलं, शेवटपर्यंत, खालच्या टिपांसकट. इतक्या माणसांनी इतके महिने चालवलेल्या गोष्टीला त्या कागदावर एकाच सहीची रेघ होती. तिने सही केली आणि नात्याच्या रकान्यात ‘आई’ लिहिलं.

“मी पण करतो,” प्रशील म्हणाला.

“रकाना एकच आहे. तुम्ही हात ठेवा वाटलं तर.”

तो टोमणा त्याने घेतला. मग मॅडमना एकच प्रश्न विचारला. भोक पूर्ण बंद केलं आणि उजवीकडचं प्रेशर पुन्हा चढलं तर जाणार कुठे? मॅडमनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. “ठिगळाला एक छोटी झडप ठेवणार आहोत. चढलं तर तिथून डावीकडे निघून जाईल. उतरलं की झडप आपोआप मिटते.”

एअर व्हॉल्व, प्रशीलच्या मनात आलं. तो म्हणाला नाही.

रक्त द्यायला धुळ्याहून मगन आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. पाच तास ऑपरेशन चाललं, त्यातला बराच वेळ तो आणि प्रशील कँटीनबाहेर उभे होते. मगन कोपर दुमडून कापूस दाबत म्हणाला, “भाऊजी, माझं भोक तांदळाच्या दाण्याएवढं होतं. फाइलवर लिहिलेलं आहे.”

“मग तेव्हा का नाही बोललास?”

“मावशी बोलत होती.”

प्रशीलला त्याला मारावंसं वाटलं आणि चहा पाजावासा वाटला. चहा पाजला.

उत्पला वाचली. नऊ दिवस काचेआड होती, त्यातले तीन मॅडमच्याही चेहऱ्यावर रंग नव्हता. अठराव्या दिवशी घरी आली. छातीच्या मधोमध शिवण, पोत्याला दाभणाने घालतात तशी सरळ. मंदाबाईंनी ती पाहिली आणि सगळ्यांदेखत कडाकडा बोटं मोडली. आबांनी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसत असल्यासारखं पाहिलं.

फुप्फुसाचं प्रेशर खाली राहावं म्हणून तिला दिवसातून तीनदा एक औषध द्यावं लागतं. गोळीचे बारीक तुकडे करून पाण्यातून. ही गोळी जगात मुख्यतः दुसऱ्याच कामासाठी खपते, आणि ते काम तान्ह्या मुलींशी संबंधित नाही. पहिल्यांदा ती आणायला आबा गेले. मेडिकलवाल्याने चिठ्ठी न उघडता नाव ऐकलं, आबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि खोकी कागदात गुंडाळून दिली.

“आबा, जेवणानंतर घ्या. ब्लडप्रेशर बघून.”

“दिवसातून तीनदा आहे,” आबा म्हणाले.

आठवड्याभरात पिंप्राळ्यातली म्हातारी मंडळी आबांना आदराने जागा देऊ लागली. यशोदाबाईंनी मंदाबाईंची फार आस्थेने चौकशी केली. प्रशील म्हणाला, मी जाऊन सांगतो मेडिकलवाल्याला. आबा म्हणाले, राहू दे. नातीची गोळी आहे म्हटलं तर नाना तिच्यावरही बैठक बसवतील. माझी म्हटलं तर कोणी विषय बैठकीत घेणार नाही.

नानांचा स्टेथोस्कोप सध्या उत्पलाच्या खेळण्यांत आहे. तिने त्याचा एक कान चावून तोडला. नानांनी तो परत मागितला नाही.

परवा सहा महिन्यांची तपासणी झाली. उजवीकडचं प्रेशर निम्म्यावर आलं आहे. पूर्ण उतरेल का, हे मॅडम सांगत नाहीत. त्या म्हणतात, पुढच्या सहा महिन्यांनी या, आणि ती बरी वाटली तरी या. शिल्पाने ते नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि ते पान फाडून फ्रिजवर चिकटवलं.

मधल्या काळात घरात एक वाईट सवय लागली आहे. उत्पला रडली की सगळे धावत येतात, आणि उचलायच्या आधी तिच्या तोंडाकडे निरखून पाहतात. बरेच दिवस ती रडली नाही की लोक अस्वस्थ होतात. मंदाबाई खुळखुळा लपवतात. आबा अचानक टोपी घालून बाहेर निघाल्याचं नाटक करतात. तपासणीहून परतल्यावर प्रशील ओट्यावर बसला होता, मांडीवर मुलगी, तिच्या मुठीत अर्धं बिस्किट. ती ते मन लावून चोखत होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि बिस्किट काढून घेतलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. खालचा ओठ बाहेर आला, छाती शिवणीसकट फुगली आणि तिने गल्ली डोक्यावर घेतली. आतून शिल्पा ओरडली, “काय केलंत?” प्रशील वाकून बघत होता. पहिला श्वास, दुसरा, तिसरा. तोंड सगळं उघडं, जीभ, हिरड्या, ओठ.

“लाल आहेत,” तो म्हणाला.

“मग द्या ते बिस्किट परत,” शिल्पा दारात येऊन म्हणाली. पण तिनेही आधी पाहून घेतलं.